उत्कृष्ट गर्दभपालक

"शाल नको, नारळ नको, फोटो तर अजाबात नको," ज्योतीराम कुंभार म्हणाले. "मॅडम, तुमी माझी पाचच्या पाच गाढवं न्या. पण माझं नाव तेवढं घिऊ नका."

माझ्या टेबलापुढं ते हात जोडून उभे होते. मे महिन्याची दुपार, दवाखान्यावर पत्रा, आणि डोक्यावरचा पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत होता. मिरजेच्या पुढं करंजवाडी नावाच्या गावात पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू होऊन मला आठ महिने झाले होते. नोकरी अजून कायम व्हायची होती. टेबलावर खात्याचं परिपत्रक होतं: आठ मे हा जागतिक गाढव दिन असून तो उत्साहात साजरा करावा, एका उत्कृष्ट गर्दभपालकाचा यथोचित सत्कार करावा, आणि बॅनर दिसेल अशी पाच छायाचित्रं त्याच दिवशी पाठवावीत. खाली पेनानं लिहिलं होतं की कार्यक्रमाला जिल्ह्याचे साहेब स्वतः येतील.

दिन साजरे करण्यात मी तोवर चांगली तयार झाले होते. अंडी दिनाला शाळेत उकडलेली अंडी वाटली. चिमणी दिनाला दवाखान्याच्या खिडकीत पाण्याची वाटी ठेवली. ती कावळ्यानं पाडली, पण फोटो त्याआधीच झाला होता. पशुवैद्यक दिनाला तर सत्काराला दुसरं कुणी नसल्यामुळं आमचे ड्रेसर कोळेकर यांनी मलाच गुलाब दिला आणि तो घेताना मी हसून कॅमेऱ्याकडं बघितलं. माझ्या हद्दीत नऊ गावं होती आणि त्या नऊ गावांत गाढवं एकाच घरी होती. त्या घरचा मालक आता माझ्यापुढं हात जोडून नको म्हणत होता. अडला हरी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, त्यातला हरी होण्याची वेळ माझ्यावर नोकरीत आली.

"सत्काराला नको का म्हणता?" मी विचारलं.

नको म्हणण्याचं कारण त्यांची मुलगी वैजयंता होती. वैजू नर्सिंग शिकून मिरजेत एका दवाखान्यात लागली होती. मुलगी हुशार, दिसायला नीटस, पण तीन स्थळं एका पाठोपाठ एक मोडली होती. पहिले पाहुणे अंगणातली गाढवं बघून चहा अर्धा ठेवून उठले. दुसऱ्यांनी मुलीला शिक्षण विचारायच्या आधी, गाढवं कोण चारतं ते विचारलं. तिसऱ्यांनी होकार देऊन नंतर निरोप पाठवला की आमच्या भावकीत हसतात. आता चौथं स्थळ आलं होतं. मुलगा रक्त तपासायच्या लॅबमध्ये, वडील श्रीपतराव कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मुलगी जयसिंगपूरला तिच्या मामाच्या घरी पाहिली होती आणि बोलता बोलता म्हणाले होते की आमच्यात आता जुनं काही राहिलेलं नाही. ज्योतीरामही घाबरून म्हणून गेले की आमच्यातबी न्हाई, आमची वीटभट्टी हाय.

"भट्टी हाय, त्यात खोटं न्हाई," ते मला म्हणाले. "पर भट्टीवर माती कोण व्हातं, ते त्यांनी इचारलं न्हाई आन् म्याबी सांगितलं न्हाई."

ते पाहुणे आता पहिल्यांदाच घरी येणार होते, सुपारी फोडायला. दिवस आठ मे, वेळ दुपारी चार. त्यांना घर दाखवायचं आणि पाच गाढवं कुठं दडवायची, या काळजीनं ज्योतीरामांचं अन्न तुटलं होतं. त्यात माझा निरोप गेला की त्याच दिवशी तुमचा जाहीर सत्कार आहे, पेपरवाल्यांना बोलावलं आहे.

मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात कोळेकर मध्ये पडले. कोळेकरांची तीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांनी अकरा डॉक्टर मार्गी लावले होते, मी बारावी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाढवं सकाळीच दवाखान्यात आणायची आणि दिवेलागणीला परत न्यायची, म्हणजे पाहुण्यांना अंगण मोकळं दिसेल आणि साहेबांना गाढवं दिसतील.

"आणि सत्कार कुणाचा करायचा?" मी विचारलं.

"सत्काराला माणूस लागतोय मॅडम. मालकच पायजे असं कुटं लिवलंय?"

तसं लिहिलं होतं. मी परिपत्रक उलटं करून ठेवलं.

समोरच्या चहाच्या टपरीचा हंबीर एक दिवसाचा गर्दभपालक व्हायला लगेच तयार झाला. शाल आपल्यालाच ठेवायची एवढीच त्याची अट होती. मी त्याला गाढवांची वयं, खाणं, आजार असं सगळं शिकवलं आणि त्यानं ते गिऱ्हाइकांना चहा देता देता पाठ केलं. बॅनरचं काम मात्र अडलं. आमच्याकडं फ्लेक्स म्हटला की वर दोन, खाली चार आणि कडेनं दहा पुढारी असल्याशिवाय तो छापत नाहीत. पण या बॅनरवर यायला एकही पुढारी राजी होईना. पंचायत समितीचे सभापती मला फोनवर समजावून म्हणाले, "मॅडम, माझा फोटो गाढवाच्या वर टाका, न्हाईतर खाली टाका. लोक काय बोलायचं ते बोलणारच." शेवटी तालुक्याच्या इतिहासात पहिल्यांदाच एक फ्लेक्स असा लागला की ज्यावर एकच चेहरा होता.

आठ तारखेला सकाळी सात वाजता वैजू स्वतः गाढवं घेऊन आली. पुढं बिजली नावाची पांढुरकी मादी आणि तिच्या मागं बाकीची चार, कुणाच्याही गळ्यात दोरी नाही. दवाखान्याच्या लिंबाखाली तिनं नुसतं थांबा म्हटलं तशी ती थांबली. मी विद्यापीठात पाच वर्षं काढली आहेत, माझं एकही जनावर असं ऐकत नाही.

"तुला हे लपवणं पटतंय का?" मी विचारलं.

"न्हाई पटत," ती म्हणाली. "मी सांगूनच टाकणार होते. पण आबा तीन दिवस धड जेवले नाहीत. म्हणतात, ही सोयरीक गेली तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही."

"आणि तुला? मुलगा आवडला?"

तिनं बिजलीच्या मानेवरचं गवत काढून टाकलं. जयसिंगपुरात सगळे स्वयंपाक येतो का विचारत होते, ती म्हणाली, आणि त्यानं विचारलं की तुमची रात्रपाळी सुटते तेव्हा तुम्हाला घ्यायला कोण येतं.

"आजवर कुणी विचारलं नव्हतं," एवढं बोलून ती लगबगीनं घरी गेली, कारण पाहुण्यांसाठी पुरण शिजायचं होतं. त्या एका वाक्यानं माझ्या नोकरीची काळजी मागं पडली आणि तिच्या लग्नाची पुढं आली. हे स्थळ जुळायलाच हवं, असं मला आतून वाटलं.

कार्यक्रम अकराचा होता. बारा वाजता साहेबांचा फोन आला की दहा मिनिटांत पोचतो. एकलाही तेच. दोन वाजता गाढवांनी एकमेकांच्या गळ्यातले झेंडूचे हार खाऊन संपवले, म्हणून कोळेकर दुसरे घेऊन आले. तीन वाजता गावची जी तीस-चाळीस माणसं आली होती ती मागच्या खुर्च्यांवर डुलक्या घेत होती. पुढच्या रांगेत कुणी बसायला तयार नव्हतं, कारण तिथला माणूस फोटोत नेमका गाढवाशेजारी येत होता. पेपरवाला त्याच हिशेबानं कॅमेरा लावून बसला होता.

साडेतीनला दवाखान्यासमोर एक जीप थांबली. त्यातून परीटघडीचा पांढरा सदरा आणि काळी टोपी घातलेले एक भारदस्त गृहस्थ उतरले. मागून जरीकाठाचं लुगडं सावरत त्यांच्या बाई, आणि एक उंचसा, लाजराबुजरा मुलगा. त्यांनी पत्ता विचारायला तोंड उघडलं असेल नसेल, तोच कोळेकरांनी तिघांच्या हातात गुलाब दिले, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि या या, बसा बसा करत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. रिकाम्या खुर्च्या साहेबांना दिसू नयेत एवढाच त्यांचा उद्देश. आमच्या भागात हातात गुलाब पडल्यावर उठून जाणं म्हणजे अपमान, त्यामुळं माणसं बसली. मला वाटतं, मंडप, कर्णा आणि खुर्च्या बघून हे स्वागत आपल्यासाठीच आहे असं त्या गृहस्थांना वाटलं असावं, कारण ते प्रसन्न दिसत होते. मग त्यांनी बॅनर वाचला.

"बाई," ते माझ्याकडं वळून शुद्ध, तोललेल्या आवाजात म्हणाले, "इथं श्री. ज्योतीराम कुंभार कुठं राहतात? वीटभट्टीवाले."

चार वाजता घरी पोचायचे ते पाहुणे साडेतीनलाच आमच्या पहिल्या रांगेत होते, आणि दहा हातांवर ज्योतीरामांची गाढवं दुसऱ्यांदा झेंडू खात होती. मी म्हटलं, पुढं आहे, डावीकडं, तुम्ही निघाच, उशीर होईल. ते उठलेही. पण तेवढ्यात साहेबांची गाडी आली आणि ड्रायव्हरनं ती नेमकी त्यांच्या जीपला आडवी लावली.

साहेब उतरतानाच म्हणाले की लवकर आटपू, मला अजून दोन तालुक्यांत गाढवं आहेत. श्रीपतराव पुन्हा खाली बसले. मी लिंबाकडं बघितलं तर झाडामागं ज्योतीराम उभे होते. पाहुणे दवाखान्यात अडकले हे कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. नवाकोरा सदरा, डोक्याला फेटा, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मी धीर धरा म्हणून मान हलवली. हंबीर पाठ झालेलं बोलेल, साहेब जातील, जीप सुटेल, दहा मिनिटांचा प्रश्न होता.

कोळेकरांनी माइकवर पुकारलं, "उत्कृष्ट गर्दभपालक, श्रीयुत हंबीर पवार." हंबीर आला. बिजलीला आज फोटोसाठी नवी दोरी बांधली होती. त्या दोरीचं एक टोक बिजलीच्या गळ्यात आणि दुसरं टोक हंबीरच्या हातात, मध्ये चांगलं आठ हातांचं अंतर. शिकवणीत एक गोष्ट राहून गेली होती, ती मला तेव्हा कळली. हंबीरला गाढवांची भीती वाटत होती.

साहेबांनी शाल घेतली. आपल्याकडं सत्काराची शाल घडी उलगडून, हवेत एक झटका देऊन मगच खांद्यावर घालतात. साहेबांना सत्कारांची सवय असल्यामुळं त्यांचा झटका चांगला जोरकस होता. बिजलीच्या डोळ्यांदेखत लाल कापड फडाडलं, हंबीरच्या हातून दोरी सुटली, आणि बिजली खुर्च्यांमधल्या वाटेनं थेट डांबरी रस्त्याच्या दिशेनं उधळली. मागून बाकीची चार. डुलक्या घेणारे लोक खुर्च्यांवर चढले, हंबीरही चढला. रस्त्यावरून एसटी येत होती, तिचा हॉर्न ऐकू आला, आणि झाडामागून ज्योतीराम धावले. पण ते फार लांब होते.

तेव्हा पहिल्या रांगेतले श्रीपतराव उठले. ते बिजलीच्या समोर गेले नाहीत. समोर जाऊन हात पसरायची चूक आपण सगळे करतो आणि जनावर आणखी बुजतं. ते तिच्या बाजूनं चार पावलं पळाले, टाळूला जीभ लावून टक् टक् टक् असा बारीक आवाज काढला, डावा कान मुळाशी मुठीत धरला आणि परीटघडीच्या सदऱ्यासकट खांदा तिच्या मानेला टेकवला. बिजली जागच्या जागी थांबली. ती थांबली तशी मागची चार थांबली. एसटी धुरळा उडवत निघून गेली.

श्रीपतरावांचा एक हात कानावरच होता, दुसरा आपोआप तिच्या पाठीवरून फिरला आणि डाव्या बाजूला एका जागी थांबला.

"हितं सुजलंय," ते हंबीरला म्हणाले, आणि मघाचा शुद्ध आवाज कुठल्या कुठं गेला होता. "पालाण घासतंय हिला. डावीकडची गोणी जास्ती भरतोस व्हय रं?"

हंबीरनं वयं पाठ केली होती, खाणं पाठ केलं होतं. गोणीचा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. "मला काय म्हाईत," तो खुर्चीवरूनच म्हणाला. "माझी चहाची टपरी हाय."

एवढ्यात साहेब शाल घेऊन तिथवर पोचले. गाढव ज्याच्या हातात तो गर्दभपालक, हा त्यांचा हिशेब झाला. त्यांनी ती शाल श्रीपतरावांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आपल्यासारख्या निष्ठावंत पशुपालकांमुळंच देश चालतो असं म्हणाले, पेपरवाल्यानं पाच फोटो काढले, आणि पुढच्या तालुक्यातल्या गाढवांना उशीर होऊ नये म्हणून साहेब निघूनही गेले. माझा कार्यक्रम उत्साहात पार पडला होता.

श्रीपतरावांच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्यात बिजलीचा कान, शाल एका बाजूनं लोंबत होती. त्यांच्या बाई ताठ बसून समोर बघत होत्या. मुलगा वडलांकडं असा बघत होता की जणू त्यांची आजच ओळख झाली. मला वाटलं, आता हे सावरतील, कान सोडतील, जीपमध्ये बसतील आणि हा विषय दोन्ही घरांत कधी निघणार नाही. ज्योतीराम गप्प राहिले असते तर तसंच झालं असतं. पाहुण्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

पण श्रीपतरावांचा हात पुन्हा त्या सुजेवर गेला. "कुणाची का असंनात," ते स्वतःशीच पुटपुटले, "पर ज्याची हाईत त्याला अक्कल न्हाई. मुक्या जनावराला असं वागवत्यात व्हय."

खुर्च्यांच्या मागून आवाज आला, "डावीकडं जास्ती भरत न्हाई मी."

ज्योतीराम पुढं आले. मी मानेनं नको नको करत होते, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. तीन दिवस न जेवलेला, गाढवं लपवण्यासाठी चहावाल्याला मालक करणारा तो माणूस आता भर मंडपात भांडायला उभा होता.

"चाळीस वर्सं झाली मला," ते म्हणाले. "दोन्ही गोण्या पाटीनं मापून भरतो मी. एक पाटी हिकडं तर एक पाटी तिकडं. ती सूज गोमाशी चावल्याची हाय. पायजे तर डॉक्टरीणबाईंना इचारा, त्यांनीच मलम दिलंय. मला काय बी म्हणा. पर माझी जनावरं म्या वाईट ठेवली असं म्हणायचं काम न्हाई."

मलम मीच दिलं होतं हे खरं, पण मला कुणीही विचारलं नाही. बोलून झाल्यावर, आपण काय बोलून बसलो हे ज्योतीरामांच्या ध्यानात आलं. खांदे एकदम खाली आले. त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"वळखलंच असंल मला," ते अगदी हळू म्हणाले. "गाढवं माझीच हाईत. तुमास्नी सांगितलं न्हाई, माझी चूक झाली. पोरीचा काय दोष न्हाई त्यात, ती सांग सांग म्हणत हुती. पुरणाचं जेवान तयार हाय. तेवढं जेवून जावा, मग काय ठरवायचं ते ठरवा."

कोळेकर माइकची वायर गुंडाळायचे थांबले. मुलगा उभा राहिला आणि आईकडं बघून पुन्हा बसला. मला रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून मी बॅनरकडं बघत राहिले.

श्रीपतरावांनी बिजलीचा कान सोडला. सुजेवर अंगठा दाबून बघितला, गोमाशीचा डंख सापडला तशी मान डोलावली. मग शाल नीट केली. हेडक्लार्कासारखं काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात असावं, कारण त्यांनी घसाही साफ केला. पण ते ज्योतीरामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि दोघंही काही वेळ त्या गाढवांकडंच बघत राहिले.

"किती हाईत?" श्रीपतरावांनी विचारलं.

"पाच."

श्रीपतराव जरा ताठ झाले. मुलाकडची बाजू ती, खाली कशी राहणार.

"आमच्याकडं अकरा हुती," ते म्हणाले.

"तेरा," मागून त्यांच्या बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठून, लुगडं सावरत, गाढवांच्या मधून वाट काढत पुढं येत होत्या. "दोन बारकी शिंगरं का धरत न्हाई तुमी? तेरा हुती. मी स्वतः चारलीत."